मामांच्या नावाची हीर

आमच्या हिरीचं नाव मी इथं लिहिणार न्हाई. तोंडानं घेत न्हाई ते हातानं कशी लिहू, आन् ते नाव एकदाच तोंडातून गेलं त्याचंच तर हे सगळं सांगणं हाय, म्हून आधीच बोलून ठेवते, नाव कुणी इचारू नका. हीर म्हंजे विहीर, आन् तिला नाव हाय ते माझ्या सासऱ्याचं. सासऱ्याला आमी मामा म्हणतो. मामांनी मोठ्या दुष्काळात ती हीर खांदली, ते आन् त्यांचा भाऊ, दोघंच, सुरुंग लावून लावून. गावातल्या सगळ्या हिरी कोरड्या पडल्या तवा हिला पाणी लागलं, मंग गावच काय, पल्याडच्या तांड्यावरचे लोक बी इथून घागरी भरून नेत. तवापासून सगळा मुलूख तिला मामांच्या नावानं ओळखतो. ओळखत व्हता म्हणावं लागंल आता. ते माझ्यामुळं.

आमचं गाव सेनगावाकडं, डांबरी सडकेपासून आत. सडकेवर फाटा, फाट्यावर च्याचं एक हाटेल, तिथं काळीपिवळ्या जिपा हुभ्या राहत्यात. फाट्यापासून कच्ची वाट आत येती आन् नाल्याच्या अलीकडं एका वळणावर तिच्या दोन वाटा फुटत्यात. एक नाल्याच्या अलीकडनं आमच्या आखाड्यावर येती. आखाडा म्हंजे वावरातलंच घर, आमी तिथंच राहतो, मेंढरं, शेळ्या, बैल, सगळं तिथंच, आन् हीर दाराम्होरं. दुसरी वाट नाला उतरून, पांढरीला वळसा घालून, वर माळावर गावात जाती. पांढरी मधी हाय, टेकाडासारखी, तिच्या एका अंगाला आमी आन् दुसऱ्या अंगाला काय हाय ते मला लई दिवस ठावंच न्हवतं.

पांढरी म्हंजे जुनं गाव. मामा सांगत्यात, निजामाच्या बी आधीपासून गाव तिथं नाल्याच्या काठाला व्हतं. मंग एका वर्साला पटकी आली, घराघरातून माणसं उचलायची पाळी आली, तवा उरलेले लोक भांडीकुंडी घेऊन माळावर चढले ते परत उतरलेच न्हाईत. भिंती पडल्या, मातीचं टेकाड झालं. आता तिथं खापराचे तुकडे निघत्यात, एखादी जात्याची तळी निघती, आन् लोक ती माती गाडीनं भरून नेत्यात, घराच्या माळवदावर पसरायला, ती माती पाणी खाली झिरपू देत न्हाई. मामा म्हणायचे, जुनं गाव गेलं कुठं न्हाई, आपल्या डोस्क्यावर येऊन बसलंय.

आन् आमच्या इथं जागेला नाव कुणी ठेवत न्हाई, ते पडतं. कुणाचं तरी काहीतरी व्हतं आन् नाव पडतं. नाल्यात एक डोह हाय, त्याला बैलबुडी म्हणत्यात, कुणाचा तरी बैल बुडाला, कुणाचा ते आता कुणालाच ठावं न्हाई. माळाच्या वाटंला नवरीचा उतार हाय, तिथं म्हणं वऱ्हाडाची गाडी उलटली आन् नवरी चिखलात पडली, तशीच रडत मांडवात गेली. ती नवरी म्हातारी होऊन मेली असंल, नातवंडं पंतवंडं झाली असतील, पर ती अजून तिथं चिखलातच पडलेली हाय. लगीन होऊन आले तवा मला या नावाचं लई हसू यायचं. आता येत न्हाई.

मी सहावी पास. सातवीत व्हते तवा लगीन झालं. शाळेत गुरुजी नकाशावर छडी ठेवायचे आन् मी नद्या सांगायची, गोदावरी, पूर्णा, पैनगंगा, एक बी चुकायची न्हाई, गुरुजी म्हणायचे या पोरीला भूगोल कळतो. आन् सासरी आले तर माझा भूगोल चूल ते हीर, हीर ते वावर, येवढाच झाला. गावात जायचं तर आत्याबाईच्या मागं मागं, डोस्क्यावर पदर, नजर तिच्या टाचंवर. आत्याबाई म्हंजे सासू. वाटंला कुठं काय हाय हे बघायचं म्हंजे मान वर करावी लागंल, मान वर केली की कुणीतरी म्हणणार, फलाण्याची सून लई इकडं तिकडं बघती.

आन् नावाचं तर असं, की सुनेनं सासऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी व्हतं. माझ्या मायनं मला हे बजावून धाडलं, आत्याबाईनं आल्या आल्या परत सांगितलं. नवऱ्याचं बी घ्यायचं नसतं, पर नवऱ्याचं निदान उखाण्यात घ्यायला चालतं, सासऱ्याला उखाणा बी न्हाई. आता हीर मामांच्या नावाची, वावर बी मामांच्याच नावानं ओळखत्यात, मंग मी राहते कुठं हे मला सांगताच यायचं न्हाई. कापूस येचायला बाया यायच्या त्यांना हा खेळच मिळाला.

"कुठून आली गं तू?"

"तिकडल्या हिरीवरून."

"तिकडल्या कुठल्या? काशीतल्या?"

"घे की गं नाव, ही माझ्या अंगावरची साडी देते तुला."

"दे की मंग," दुसरी म्हणायची, "सासरा जाईल तिचा अन् ती तुझी फाटकी साडी नेसून रडंल."

सगळ्या हसायच्या, मी बी हसायची खाली बघून, कान तापायचे. बरं बी वाटायचं, खोटं कशाला सांगू. वाटायचं आपण बराबर वागून राहिलो.

त्या उन्हाळ्यात, हिंगोली तवा नुकतीच जिल्हा झालती, गावातलं एक मोठं लगीन निघालं. वऱ्हाड डोंगरकडा गावाला. ट्रॅक्टर भरभरून सगळं गाव गेलं, आत्याबाई गेल्या, माझ्या पोरीचे बाबा गेले, फाट्यावरचा हाटेलवाला बी गेला. माझी पोरगी तवा चालायला बी लागली न्हवती, दात येऊन राहिलते, अंगात कणकण व्हती, म्हून मी राहिले. मामा मेंढरांसाठी राहिले. जाताना आत्याबाई म्हणल्या, "हिरीत उतरू नका एकट्यानं." मामा हूं म्हणले. मामांच्या हूं ला काही अर्थ नसतो.

वऱ्हाड गेल्यावर मामा उतरले. पाणी तळाला गेलतं, म्हणले गाळ काढून घेतो, असा निवांत येळ परत घावायचा न्हाई. ते खाली टोपलं भरायचे, मी वरून गडगडीवर वढायची, पोरगी लिंबाखाली झोळीत. दुपार झाली, म्हणले बास, भाकर खाऊन घेऊ, आन् वर येऊन राहिले. आमच्या हिरीला अर्ध्यापर्यंत दगडाच्या पायऱ्या हायेत, खालच्या अंगाला लाकडाची शिडी. शिडीवरून पायरीवर पाय टाकला आन् पायरी ओली, पाय सरकला. मी झोळीकडं चालले व्हते. मी पडताना बघितलं न्हाई, आवाज ऐकला. पाण्यात पडल्याचा आवाज असता तर बरं झालं असतं. तो दगडावर पडल्याचा व्हता.

"मामा!"

खालून लई येळ काहीच न्हाई. मंग हळूच, "पाय गेला गं."

"येऊ का खाली?"

"येडी का काय. लेकरू कुणापाशी ठेवशील? फाट्यावर जा. माणसं आण, दोर आण, हा दोर माणसाला पुरायचा न्हाई."

मी वाकून बघितलं. मामा तळाच्या खडकावर कुशीवर पडलते, पाय जसा असू नये तसा वळलेला, डोस्क्यातून रगत यायलतं आन् पाण्यात जाऊन राहिलतं. ते वर बघत व्हते, माझ्याकडं. सासऱ्यानं अन् सुनेनं कधी नजर मिळवायची नसती. मी पदर वढला. तशा टायमाला बी मी पदर वढला, बघा.

पोरगी काखंत मारली आन् पळाले. चप्पल घालायची राहिली, वाट तापलेली, पर पाय भाजल्याचं मला तिसऱ्या दिवशी कळलं. फाट्यावर लिंबाखाली दोन जिपा व्हत्या, चार-पाच माणसं पत्ते खेळून राहिलते, हाटेलावर हाटेलवाल्याचा कुणी पाव्हणा बसलेला. एक बी तोंड ओळखीचं न्हाई, आमच्या गावचं कुणीच न्हाई. मी तर फाट्यावर एकटी कधी आलेच न्हवते.

"आमचे मामा हिरीत पडलेत," मी म्हणले. धाप लागलेली, दोनदा म्हणावं लागलं.

माणसं चांगली व्हती. पत्ते तिथंच टाकले, हुभी राहिली. एक जण हाटेलातला नाडा, जाड दोर, काढायला पळाला. जिपवाला म्हणला, "कोणाची हीर?"

"आमची."

"तुमची व्हय, पर कोणाची म्हणत्यात तिला?"

मी तोंड उघडलं. नाव जिभंवर आलं, खरं सांगते, अर्धं आलं. आन् मंग मला मामा दिसले, तळाला पडलेले, रगत पाण्यात चाललेलं. वाटलं, माणसाचं आयुष्य आधीच तिथं टांगलेलं हाय, आन् आता मी नाव घेऊन त्यातलं अजून कमी करू? माझ्याच हातानं? मी तोंड मिटलं.

"बाई, बोला की! जीव चाललाय ना माणसाचा?"

एक म्हातारं माणूस म्हणलं, "आरं ती सून हाय. सासऱ्याचं नाव न्हाई घ्यायची."

"मंग नवऱ्याचं सांगा!"

मी खाली बघितलं.

"ते बी न्हाई," म्हातारं म्हणलं. कुणीतरी हसलं. हसायचं म्हून न्हाई, पर हसलं.

मंग मी म्हणले, "पांढरीच्या खालची. लिंबाचं झाड हाय तिच्यावर."

"समजलं!" जिपवाला म्हणला, "चला रे. बाई, तुमी बी बसा म्होरं."

म्होरं म्हंजे त्याच्या बाजूला. मागं सगळी गडी माणसं. मी आजवर परक्या माणसाच्या बाजूला बसले न्हवते, आन् मनात आलं, उद्या कुणी म्हणलं तर, की सगळं गाव वऱ्हाडाला गेलं आन् ही जिपीत बसून फिरून राहिली. मी म्हणले, "तुमी व्हा म्होरं. मी येते पायी."

धुरळा उडाला आन् जीप गेली. मी वावरातून आडवी पळाले, तासांतून, ढेकळांतून, पोरगी रडून रडून दमलेली. मला वाटलं आखाड्यावर जाईस्तोवर मामांना वर काढलेलं असंल. आखाड्यावर आले तर कुणीच न्हाई. मेंढरं वाड्यात, गडगडी तशीच, आन् हीर गप.

"आली का माणसं?" खालून मामा. आवाज बारीक झालता.

"येऊन राहिलेत मामा," मी म्हणले.

तवा मला आवाज आला, पांढरीच्या पल्याडून. जिपीचा हारन, आन् माणसं वरडायलेली. "ओ बाई! बाई! इथं तर कुणीच न्हाई!"

पांढरीच्या पल्याड बी एक हीर हाय, पडीक, आन् तिच्यावर बी लिंब हाय, हे मला त्या घडीला कळलं. गावात येऊन एवढी वर्सं झाली, आन् ज्या टेकाडाच्या सावलीत मी रोज भाकरी भाजते त्याच्या पल्याड काय हाय हे मला ठावं न्हाई. महाराष्ट्राच्या नद्या पाठ आन् हे न्हाई.

"इकडं!" मी वरडले, "इकडं या!"

"इकडं म्हंजे कुठं?"

पांढरी मधी असल्यानं आवाज घुमतो, कुठून आला ते समजत न्हाई. ते एका अंगाला पळायलेत असं वाटायचं, मंग दुसऱ्या. "हीर कोणाची ते सांगा! नाव सांगा, नाव!"

मी खाली बघितलं. मामांनी डोळे मिटले व्हते.

हिरीच्या कडंला मुरमाचा अन् दगडाचा ढीग हाय, खांदताना निघालेला, मामांनीच टाकलेला. मी पोरीला घेऊन त्या ढिगावर चढले आन् सगळा जीव गोळा करून मामांचं नाव घेतलं. नुसतं नाव, मुलूख घेतो तसं, ना मामा ना काही, गुराला हाक मारावी तसं, आन् म्हणले हिरीवर या, आन् परत नाव, परत नाव. पदर कुठं गेला ठावं न्हाई.

आन् पहिल्याच हाकंला हिरीतून आवाज आला, "ओ."

मामांनी ओ दिली. त्यांना वाटलं असंल कुणी त्यांनाच बोलावलं. मी ढिगावर तशीच थिजले. त्या भर उन्हात मला वाटलं भुई फाटावी आन् मी त्यात जावं, पर भुई आधीच फाटलेली व्हती आन् तिच्यात मामा व्हते.

जीप लगेच आली. नाव ऐकल्यावर कुणालाच वाट इचारावी लागली न्हाई. जिपवाला उतरता उतरता म्हणला, "आरं मंग आधीच सांगायचं व्हतं की बाई! या हिरीचं पाणी पिऊन वाढला आमचा बाप." त्यांनी बाज हिरीत सोडली, चार कोपऱ्यांना दोर, दोघं खाली उतरले, मामांना बाजंवर बांधलं आन् हळूहळू वर वढलं. वर आल्यावर मामांनी डोळे उघडले, माझ्याकडं न्हाई, लिंबाकडं बघितलं. मी घराआड गेले. जीप हिंगोलीला गेली, म्हातारं माणूस मामांचं डोस्कं मांडीवर घेऊन बसलं. या येळंला मला कुणी बसा म्हणलं न्हाई.

मामा जगले. पाय वाचला, पर वाकडा बसला, आता काठीबिगर चालता येत न्हाई. उशीर झाल्यानं वाकडा बसला का पडल्यानंच, ते डॉक्टरनं सांगितलं न्हाई आन् मी कुणाला इचारलं न्हाई.

आत्याबाई दवाखान्यातून परत आल्या त्या रात्री न जेवता बसल्या. मला वाटलं उशिराचं बोलतील. त्या म्हणल्या, "नाव घेतलं व्हय गं तू?"

"व्हय."

"मोठ्यानं?"

"व्हय."

"किती येळा?"

मी मोजलं न्हवतं. आत्याबाईनं कपाळाला हात लावला. मंग दर शनिवारी मला मारुतीला तेल घालायला लावलं. मी घालायची. मामांना ठसका लागला की माझ्या हातातली परात खाली पडायची. थंडीत त्यांना ताप आला तवा मी चुलीपुढं बसून देवाला म्हणले, मी घेतलंय ते माझ्यातलं कापून घे. लेकराची माय असं म्हणती व्हय कधी? पर म्हणले. पोरीचे बाबा मला म्हणायचे, "येडी हाईस, नावानं कुणी मरतंय व्हय." म्हणायचे, पर ते बी बापाचा ताप उतरेस्तोवर वावरात गेले न्हाईत.

मामा मला एक शब्द बोलले न्हाईत. एकदाच, बाजंवर पाय लांब करून बसलते, मी भाकर ठेवून वळले तवा पोरीला म्हणल्यासारखं म्हणले, पोरगी तवा मांडीवर व्हती त्यांच्या, "आमची माय मेल्यावर मला नुसत्या नावानं कुणी हाक मारलीच न्हवती. मला वाटलं मायच आली." आन् हसले. मी आत जाऊन पदर तोंडात कोंबला.

लोक कुठं गप बसत्यात. फाट्यावर गोष्ट झाली, फाट्यावरून जिपीत चढली, सेनगावच्या बाजारात गेली. कापसाच्या बाया आल्या, म्हणल्या, "साडी द्यावी लागती बाई आता हिला." जिपवाले मला बघून एकमेकांना म्हणायचे, "आधीच सांगायचं व्हतं की." आन् मंग कवा ते मला समजलं न्हाई, जिपवाले आखाड्याच्या वळणावर वरडायला लागले, "सुनेची हीर, सुनेची हीर, उतरा कुणी." पहिल्यांदा ऐकलं तवा मला वाटलं दुसरीच कुठली जागा असंल. जीप आमच्या वळणावर थांबली.

मला वाटलं व्हतं नाव घेतल्यानं मामांचं आयुष्य जाईल. ते राहिलं, नावच गेलं. दुष्काळात दोन भावांनी दगड फोडून मिळवलेलं नाव, ज्यातला एक भाऊ त्याच वर्सी सुरुंगात हात गमावून बसला, ते माझ्या एका दुपारच्या गोंधळानं पुसलं. पाय बरा झाल्यावर आमी सगळे हिंगोलीहून येत व्हतो, मी मागच्या बाकावर, मामा म्होरं. जिपवाल्यानं इचारलं, "बाबा, कुठं थांबवू?" मामांनी काठी मांडीवर आडवी घेतली. मंग म्हणले, "सुनेच्या हिरीवर थांबव." सरळ म्हणले, जसं आधीपासून तेच नाव हाय. आत्याबाईनं मान फिरवली. मी बाकाखाली शिरायची तेवढी राहिले.

आता पोरगी शाळेत जाती, दुसरीत हाय. बाईंनी वर्गात एकेकाला इचारलं, तुमी कुठं राहता. ही म्हणली, सुनेच्या हिरीवर. घरी येऊन मला इचारती, "आई, कोणाची सून गं ती?"

"असंल कोणाची तरी."

"तिनं जीव दिला व्हय हिरीत?"

"न्हाई गं."

"मंग काय केलं तिनं?"

मी म्हणले, भाकर खा. पर त्या रात्री मला झोप न्हाई. बैलबुडीतला बैल कुणाचा ते कुणाला ठावं न्हाई, उतारावरची नवरी कोण ते ठावं न्हाई. उद्या हिच्या लेकरांना वाटंल, ही हीर कुण्या सुनेनं खांदली का तिच्यात जीव दिला. मामांचं नाव कुठंच नसंल. म्हून मी पोरीला सकाळी जवळ घेतलं, म्हणले, तुझ्या आजोबांचं नाव तुला येतं ना? ती म्हणली, येतं की. म्हणले, ही हीर तुझ्या आजोबांच्या नावाची हाय. आपण जिपीतून येऊ तवा जिपवाल्याला आजोबांचं नाव सांग, त्यांच्या हिरीवर थांबवा म्हण. तुला चालतं, तू नात हाईस. तिला लई आनंद झाला. नाव घोकत घोकत फिरली अंगणात, मी कानावर हात ठेवून हसायची.

मागच्या सोमवारी आमी दोघी सेनगावहून आलो. नवं पोरगं व्हतं जिपीवर, मिसरूड न फुटलेलं. फाटा गेला तशी पोरगी हुभी राहिली आन् ठसठशीत आवाजात मामांचं नाव घेऊन म्हणली, "त्यांच्या हिरीवर थांबवा."

"कुठली गं ती?" पोरगं म्हणलं.

पोरीनं परत नाव घेतलं.

"असली हीर न्हाई या वाटंला, बाळ. गावात उतरायचं असंल तुमाला." आन् जीप तशीच म्होरं.

वळण आलं. लिंब दिसला. मला दोनच शब्द बोलायचे व्हते, सुनेची हीर, येवढंच, पोरानं लगेच ब्रेक दाबला असता. जिपीत बाया व्हत्या आमच्या गावच्या, त्या माझ्याकडं बघून राहिलत्या, काही हसायच्या बेतात. माझं तोंड उघडलंच न्हाई. वळण गेलं, नाला गेला, पांढरी गेली. पल्याडची पडीक हीर आन् तिच्यावरचा लिंब बी गेला. मंग कुणीतरी म्हणलं, "आरं थांबव की रे, सुनेची हीर मागंच राहिली," तवा पोरानं जीप थांबवली आन् आमी उतरलो. उन्हात मागं चालत निघालो, पोरीच्या पाठीवर दप्तर, माझ्या हातात बाजाराची पिशवी.

"आई, तू काहून बोलली न्हाईस?"

मी चालत राहिले.

मामा वळणावर काठी टेकून हुभे व्हते, आमची वाट बघत. जीप म्होरं गेलेली त्यांनी बघितली असंल. पोरगी पळत जाऊन त्यांना बिलगली. ते माझ्याकडं न बघता, पांढरीकडं बघत म्हणले, "गेली व्हय जीप म्होरं? सांगायचं व्हतं की."

मी पदर वढून घेतला आन् हिरीकडं पाणी काढायला गेले.